शटरची डावी बाजू

"धरलंस?" मामांनी विचारलं.

"धरलं."

"मग चल. एक, दो..."

तीन ते कधी म्हणत नसत. 'दो' म्हटलं की उचलायचं. मी डावीकडे, ते उजवीकडे. शटर आधी कुरकुरायचं, मग गुडघ्यापर्यंत यायचं, मग कमरेपर्यंत, आणि तिथे माझ्या बाजूला अडायचं. रोज तिथेच. मग मी खांदा खाली घालायची, मामा "हं, हं, दमानं" म्हणत थांबायचे, आणि एकदाचं ते डोक्याच्या वर गेलं की मामा पायानंच एक लाकडी वासा त्याच्याखाली सारायचे. वासा बसला की मी हात सोडायचा. त्याआधी सोडला तर शटर सरळ खाली, कारण त्याच्या स्प्रिंगा केव्हाच गेल्या होत्या.

मग मामा जीप मागे घेत बाहेर काढायचे. आम्ही परत तसंच दोघांनी शटर खाली घ्यायचं आणि ते कोरेगाव-सातारा वडाप करायला निघून जायचे. कॉलेजची पोरं, सातारच्या दवाखान्यातल्या नर्सबाया आणि दुधाचे कॅन, अशी त्यांची पहिली खेप असायची.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामा आणि सासूला आत्या म्हणतात. माझे मामा लष्करात ड्रायव्हर होते, हवालदार म्हणून रिटायर झाले, आणि कोरेगावात त्यांना सगळे हवालदारच म्हणत. त्यांचा उजवा खांदा कुठेतरी डोंगरात ट्रक उलटला तेव्हा निकामी झाला होता. ड्रायव्हिंगला तो कसाबसा पुरायचा, ओझ्याला नाही. त्यामुळे शटरला दोन माणसं लागायची. तसं ते शटर आमच्या घरासाठी केलेलंच नव्हतं. साताऱ्यात रस्ता रुंद करताना कुणाचंसं दुकान पडलं, त्याचं ते जुनं शटर मामांनी आणून जीपच्या खोलीला बसवलं होतं. पूर्वी डावी बाजू माझ्या सासूबाई धरायच्या. माझ्या लग्नानंतर वर्षभरातच आत्या तापानं गेल्या, आणि दिवस सरल्यावर पहिल्या सकाळी मामा शटरपाशी उभे राहून मला म्हणाले, "रंजना, जरा ये बरं." तेव्हापासून ती बाजू माझी झाली.

माझा नवरा संपतही लष्करातच. लग्न होऊन चार वर्षं होत आली होती, पण आमचा संसार म्हणजे त्याची सुट्टी. सुट्टीत येणारा माणूस पाहुण्यासारखा असतो. त्याला आवडेल ते करून घालायचं, भांडायचं नाही, आणि तो जायच्या दिवशी डोळे कोरडे ठेवायचे. त्याला चहात साखर किती लागते हे सुद्धा मी दर वेळी नव्यानं विचारायची आणि मला त्याची लाज वाटायची.

तर त्या वर्षी, थंडी संपता संपता, समोरच्या तात्यांनी ओट्यावरून हाक मारली, "रंजना, संपाचा फोन." आमच्याकडे फोन नव्हता, तात्यांकडे होता. तात्या म्हणजे पांडू पैलवान. तरुणपणी कुस्त्या मारलेल्या, मग साखर कारखान्यावर पहारेकरी, आता नुसते ओट्यावर. फोन आला की ते शेजारी बसून सुपारी कातरायचे आणि आपण काही ऐकतच नाही असा चेहरा करायचे.

"क्वार्टर मिळालं," संपत म्हणाला. "जबलपूरला. दोन खोल्या हाईत, आणि मागं पेरूचं झाड."

मी तात्यांच्या सुपारीच्या तुकड्यांकडे बघत राहिले.

"ऐकलंस का?"

"ऐकलं."

"महिनाअखेर ताबा घ्यायला लागतोय. फॅमिली आली न्हाई तर पुढच्याला देत्यात. मग परत कधी नंबर लागंल सांगता येत न्हाई."

"मामांना विचारते," मी म्हणाले.

"विचारू नको. सांग."

"तुम्हीच सांगा की."

"फोनवर कसं सांगू? तूच बघ."

बापाशी बोलायची वेळ आली की हा मोठा जवान गडी माझ्या पदरामागे लपायचा. मी फोन ठेवला. तात्या सुपारीकडे बघत म्हणाले, "पेरू चांगला असतो तिकडं. गोड."

रात्री मामा जेवायला बसले तेव्हा तव्यावर भाकरी टाकून, पाठ त्यांच्याकडे करूनच मी सांगितलं. क्वार्टर, महिनाअखेर, पुढच्याला देतात, सगळं. पेरूचं झाड तेवढं सांगितलं नाही.

मामांनी घास गिळला. "बघू," म्हणाले, आणि आमटीत भाकरी चुरू लागले.

त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते मला चार वर्षांत कळलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सकाळी "एक, दो", संध्याकाळी "एक, दो", मधे काही नाही. माझ्या मनात नाही नाही ते येऊ लागलं. म्हाताऱ्याला मी जायला नको आहे. जाऊ तरी का देतील? भाकरीचं एक वेळ झालं असतं, तात्यांच्या सुनेनं डबा दिला असता. पण ती जीप हा त्यांचा जीव होता. ती ज्या दिवशी निघायची नाही त्या दिवशी मामा ओट्यावर बसून नुसते रस्त्याकडे बघायचे आणि संध्याकाळपर्यंत दहा वर्षांनी म्हातारे दिसायचे. आणि जीप निघायची तर शटरला डावीकडे कुणीतरी हवं. हे मलाही कळत होतं. म्हणून तर राग जास्त येत होता. राग कुणावर काढावा हे कळेना, तेव्हा मी तो आमटीवर काढला. दोन दिवस मीठ जास्त पडलं. मामांनी मुकाट्यानं खाल्लं आणि वर पाणी प्यायले.

रविवारी सकाळी मी नेहमीप्रमाणे पदर खोचून शटरपाशी गेले, तर मामा बनियनवर, हातात रॉकेलचा डबा.

"आज गाडी न्हाई," ते म्हणाले. "आज शटर."

"शटरचं काय?"

"नीट करायचं. अडतंय ना तुझ्या बाजूला? तुला जड जातंय."

मला जे समजायचं ते मी समजले. म्हणजे माझं ओझं हलकं करणार, म्हणजे मी इथेच राहणार. चार वर्षं अडत होतं तेव्हा नाही दिसलं, आता बरोबर दिसलं. एखादी कामवाली उभी राहावी तशी चिंध्या हातात घेऊन उभी राहिले.

शटर दोन्ही बाजूंना लोखंडी पन्हळीतून सरकतं. त्याला चॅनेल म्हणतात. आम्ही शटर वर घेऊन वासा लावला आणि मामांनी उजवीकडच्या चॅनेलपासून सुरुवात केली. तारेचा ब्रश, मग रॉकेलचं फडकं. थोडा गंज, थोडी माती, कोळ्याचं एक घर. चहा व्हायच्या आत ती बाजू लखलखीत झाली.

मग ते डावीकडे आले. ब्रश आत जाईना. स्क्रू-ड्रायव्हर घातला, तर तोही रुतून बसला. आत काहीतरी घट्ट, काळं, डिंकासारखं जमलेलं होतं. वरपासून खालपर्यंत.

"हे काय वंगण घातलंय कुणी," मामा पुटपुटले आणि जोर लावून त्याचा एक तुकडा त्यांनी उचकटून काढला. तो तळहातावर घेतला. वरून काळा होता, पण मोडला तेव्हा आतून पिवळा आणि लाल निघाला. पिवळ्यात दोन-तीन तांदळाचे दाणे होते.

मला आधी उमगलं. "आत्यांचं आहे ते," मी म्हणाले.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची, यंत्रांची पूजा आमच्याकडे सगळेच करतात. मामा जीपची करायचे, पान्ह्यांची करायचे. मामा हार घालायचे आणि मोकळे व्हायचे. आत्या त्यांच्या मागून ताट घेऊन यायच्या आणि शटरलाही हळदकुंकू लावायच्या, अक्षता टाकायच्या, आणि मग पळीभर गोडं तेल त्या चॅनेलमध्ये सोडायच्या. मी लग्न होऊन आले त्या वर्षी पाहिलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या होत्या, "वर्सभर राबतंय बिचारं. त्याला नको का चार थेंब?" पळी फक्त डावीकडे रिकामी व्हायची, कारण त्या उभ्या राहायच्या ती बाजू तीच. खाण्याचं तेल ते. त्याच्यावर धूळ बसली, हळद बसली, आणि वर्षावर वर्षं ते वाळून घट्ट होत गेलं.

मामांना मी हे सांगितलं. ते तो तुकडा हातात घेऊन जीपच्या पायरीवर बसले.

"म्हंजे जड बाजू तिच्याकडं व्हती," ते म्हणाले.

मी हातातल्या चिंध्या खाली ठेवल्या.

"मला वाटायचं, तिला जमत न्हाई. मधेच अडती. चिडायचो मी तिच्यावर. 'नीट धर की गं' म्हणायचो रोज." ते परत त्या तुकड्याकडे बघायला लागले. "आन् ती म्हणायची, धरलंय की."

मग त्यांच्यानं पुढे काही होईना. स्क्रू-ड्रायव्हर घेतला, ठेवला, परत घेतला. शेवटी मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला आणि खरवडायला बसले. दुपार होईपर्यंत खरवडत होते. राग कुठे गेला तेही कळलं नाही. मामा वर्तमानपत्राचा कागद पसरून त्यावर ते सगळं गोळा करत होते. लाल, पिवळं, काळं, मधे तांदूळ, मधे झेंडूची एखादी पाकळी.

"हे टाकू कुठं?" मी विचारलं.

"टाक की. तेल-कुंकूच ते," ते म्हणाले. मी उठले तशी मागून म्हणाले, "रस्त्यावर नको. आंब्याच्या बुडात टाक."

मी टाकून आले तेव्हा ते मेणबत्ती घेऊन दोन्ही चॅनेलमध्ये मेण घासत होते. तेल-ग्रीस काही नाही, धूळ धरतं म्हणाले. मग आम्ही वासा काढून शटर खाली घेतलं आणि परत उचललं. काय सांगू, ते माझ्या बाजूला अडलंच नाही. कुरकूरही नाही. सरळ वर गेलं. मला हसूच आलं.

मामा हसले नाहीत. ते वजनाचा अंदाज घेत होते. "अजून एकट्याचं काम न्हाई," म्हणाले. "स्प्रिंग बघायला पायजे."

"आता पुरे की. मला नाही जड जात."

"तुला इचारलं का?"

दुसऱ्या दिवशी मी नळावरून येते तर मामा एका पिंपावर उभे. शटर गुंडाळलं जातं त्या वरच्या पाइपला त्यांनी लोखंडी कांब अडकवली होती आणि पाइप फिरवून स्प्रिंग ताणायला बघत होते. हे काम शिकलेल्या मिस्त्रीचं, आणि तेही दोन धड खांद्यांचं. मी "मामा" म्हणेपर्यंत कांब सटकली आणि फिरून त्यांच्या उजव्या खांद्यावरच आदळली. पिंप एकीकडे आणि मामा एकीकडे झाले.

मी हंडा तिथेच टाकला आणि तात्यांना हाक मारली. तात्या पैलवान होते म्हणून बरं. त्यांनी मामांना पोरासारखं उचलून आत आणून निजवलं, खांदा चाचपून पाहिला, "मोडलं न्हाई, मुका मार हाय" म्हणाले आणि स्वतः हळद तापवायला बसले.

तात्या गेल्यावर मी मामांच्या खांद्याला लेप लावत होते. मी म्हणाले, "मी जबलपूरला जाणार नाही. संध्याकाळी फोन करून ह्यांना सांगते. क्वार्टर देऊ देत कुणालाही."

"का?"

"का म्हणजे? तुम्हाला एकट्याला टाकून जाऊ? पिंपावर चढायला?"

मामा उठून बसले. चार वर्षांत ते माझ्यावर कधी आवाज चढवून बोलले नव्हते, ते त्या दिवशी बोलले. "शटर कशाला नीट करतोय मी मग? माझ्या हौसेला?"

लेपाचा हात तसाच राहिला. मला तोवर कळलंच नव्हतं, इतकी मी खुळी. ते शटर मला ठेवून घ्यायला नव्हतं.

"मला वाटलं, मला जड जातं म्हणून..."

"तू गेल्यावर मला एकट्याला उचलाया यावं म्हणून." ते परत आडवे झाले, छताकडे बघत. मला वाटलं झोपले. पण ते बोलायला लागले, हळू, जसं काही जीप चालवताना समोर बघून बोलायचे तसं.

"संपाच्या आईलाबी क्वार्टर मिळालं व्हतं. झाशीला. मी चुना लावून घेतला, पडदे लावले, स्टोव्ह आणला. तवा माझ्या आईचा दमा उठला. ही म्हणाली, सासूबाईंचं बरं झालं की येते. ते क्वार्टर गेलं. मग परत मिळालं, अंबाल्याला. तवा म्हस व्यायला झालेली. मग संपाची शाळा." ते थांबले. "खोटं काय नव्हतं त्यात. दर टायमाला खरंच काहीतरी असायचं. घराला काहीतरी लागतंच गं. मी कायमचा घरी आलो तवा तिचे केस पांढरे झालेले, आन् ती मला 'आपण काय घेणार' म्हणून इचारायची. पाहुण्यागत."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या 'पाहुण्यागत'नं आलं.

"हे शटर आणलं तवाच स्प्रिंगा ढिल्या व्हत्या. मी म्हणलं, मिस्त्री आणतो. तर म्हणली, राहू द्या. सकाळी तेवढे दोघांचे हात एका कामाला लागत्यात." त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. "म्हणून न्हाई आणला. न्हाईतर मिस्त्रीला काय दुष्काळ पडलाय?"

"मग आता आणा," मी म्हणाले.

"आता आणतोच."

तात्यांनी फोन केला आणि साताऱ्याचा मिस्त्री आला. त्यानं वर चढून बघितलं आणि मान हलवली. स्प्रिंगा तुटल्यातच जमा, या मापाच्या मिळत नाहीत, पुण्याहून मागवाव्या लागतील, महिना तरी सहज जाईल. मी मामांकडे बघितलं. महिनाअखेर आठवड्यावर आली होती. मी मनातल्या मनात त्या पेरूच्या झाडाला रामराम ठोकला, आणि खरं सांगते, मला वाईट वाटलं तितकंच हलकंही वाटलं. आता निदान मनाची ओढाताण नव्हती.

पण दोन दिवसांनी सकाळीच मामांची हाक आली. "रंजना, भाईर ये."

मी ओल्या हातांनी बाहेर आले. शटर बंद होतं. मामा त्याच्यासमोर छाती काढून उभे होते, परेडला उभे राहावं तसे. मी सवयीनं डावीकडे जाऊ लागले.

"तिकडं न्हाई. तिथंच थांब. नुसतं बघ."

ते खाली वाकले. डावा हात शटरखाली घातला, फक्त डावा, आणि "एक, दो" म्हणाले. शटर निघालं. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत, पाण्यावर तरंगावं तसं वर. मामांच्या कपाळाला आठी नाही. मग तसंच त्यांनी ते खाली आणलं.

माझं तोंड उघडंच राहिलं. "हे कसं काय?"

"मिस्त्री काल येऊन गेला. तू बाजारात व्हतीस. त्याला सातारलाच घावली स्प्रिंग, जुन्या मालात." त्यांनी हात झटकले. "झालं समाधान? आता तिकिटाचं बघ. आन् आत जा, दूध ठेवलंय ना चुलीवर?"

मी आत गेले आणि दुधाजवळ उभी राहून पोटभर रडले. आनंदानं की कशानं, कुणाला ठाऊक.

शेजारच्या गावचा एक जवान बायकोला घेऊन जबलपूरलाच निघाला होता. त्यांच्या सोबतीनं जायचं ठरलं. तोवर मामांनी मला शटरपाशी फिरकूच दिलं नाही. निघायच्या दिवशी मी उठायच्या आत मामांनी जीप बाहेर काढून, पुसून, रस्त्यावर उभी केलेली होती. स्टेशनात त्यांनी माझी ट्रंक डाव्या हातानं डब्यात चढवली. मी पाया पडले. काही बोलतील म्हणून वाट पाहिली, तर म्हणाले, "थंडी असती तिकडं. कान झाकून हिंड."

जबलपूरची ती वर्षं माझ्या आयुष्यातली सुखाची. दोन खोल्या, मागे पेरूचं झाड, आणि सुट्टीवर न आलेला, नुसता संध्याकाळी कामावरून घरी आलेला नवरा. आम्ही भांडलो सुद्धा, भरपूर, आणि त्याचंही मला अप्रूप वाटायचं. त्याला चहात दीड चमचा साखर लागते. रविवारी दोन. तात्यांकडे फोन केला की मी आधी हेच विचारायची, "मामा, शटर?" आणि तिकडून उत्तर यायचं, "एका हातानं."

पुढच्या उन्हाळ्यात मला सातवा लागला तेव्हा बाळंतपणाला माहेरी जायच्या आधी चार दिवस कोरेगावला राहावं म्हणून आम्ही निघालो. गाडी लवकर पोचली. मामांना कशाला उठवा म्हणून संपतनं ट्रंक खांद्यावर घेतली आणि आम्ही चालतच आलो. नुकतं उजाडत होतं. मी पुढे, संपत ट्रंकेमुळे मागे. आमच्या कोपऱ्यावर आले आणि मला तो आवाज ऐकू आला.

"एक, दो..."

मी वळून पाहिलं. उजवीकडे मामा आणि डावीकडे, बनियन आणि लंगोटावर पंचा गुंडाळून, आपलं सगळं पैलवानी अंग लावून पांडूतात्या. शटर दोघांच्या मधे कमरेपर्यंत आलेलं. त्याच वेळी दोघांनी मला पाहिलं. हातात शटर. सोडता येईना आणि धरवेना. दोघंही तसेच वाकलेले, माना माझ्याकडे वळवून. शाळेत मास्तरांनी पकडल्यावर पोरांचे चेहरे होतात ना, तसे.

"हवालदार," तात्या दातांतून म्हणाले, "घावलो."

संपतनं ट्रंक टाकली आणि धावत जाऊन मधे हात लावला. शटर वर गेलं. तात्यांनी आधी धाप टाकली, मग माझ्याकडे न बघताच सगळं सांगून टाकलं, कुणी विचारलं नसतानाच. "मी आत व्हतो, पोरी, त्या दिवशी. भिंतीआड. तुळईवरनं दोर सोडला व्हता शटरला, तो ओढत व्हतो. ह्यानं माझ्याकडनं दोन दिवस तालीम करून घेतली. 'शिंकलास तर बघ' म्हणला."

"आणि मिस्त्री?" मी विचारलं. "स्प्रिंग?"

"आला व्हता की तो. तू गेल्यावर महिन्याभरानं. स्प्रिंगा बी आणल्या व्हत्या पुण्यासनं. ह्यानं त्याला चहा पाजला आन् परत धाडला."

मी मामांकडे पाहिलं. ते एका फडक्याला हात पुसत होते. हात केव्हाच पुसून झाले होते.

"का परत पाठवला, मामा?"

"नीट झालं," ते फडक्याकडे बघत म्हणाले, "तर सकाळी ह्यो येणार कशाला माझ्याकडं?"

तात्यांनी पंचाचं टोक डोळ्याला लावलं आणि रस्त्याकडे वळले. संपत बापाकडे असा बघत होता, जसं काही त्याला आज पहिल्यांदाच भेटत होता. मला मामांचा राग आला, खरोखरचा राग, आणि त्याच वेळी वाटलं, या माणसाला घट्ट धरावं आणि सोडूच नये. सुनेनं सासऱ्याला धरायची रीत नाही आमच्यात. मी नुसती उभी राहिले.

"वर्षभर फोनवर मला खोटं सांगत होतात," मी म्हणाले.

"सांगत व्हतो."

"एका हातानं म्हणे."

मामांनी आता माझ्याकडे नीट पाहिलं. आधी तोंडाकडे, मग माझ्या पोटाकडे, मग तोंडाकडे. खूप दिवसांनी गावी आलेल्या लेकीकडे बघावं तसं बघत होते.

"खरं सांगितलं असतं तर गेली असतीस?"

मी खूप प्रयत्न केला, पण खोटं मला बोलता आलं नाही.

"नसते गेले," मी म्हणाले.

"मग झालं की," मामा म्हणाले आणि जीपमध्ये जाऊन बसले. पहिल्या खेपेला आधीच उशीर झाला होता.